नवरदेवांच्या नावावरची गाणी

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस कसाऱ्याच्या घाटापासून मुरबाडच्या बाजारापर्यंत दुसरा मिळायचा नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याला सगळा गाव हट्टी म्हणतो, तेव्हा तुम्हीच विचार करा. माझी शाळा दुसरीतच संपली, पण माणूस ओळखायला मला पुस्तक लागत नाही. हा माणूस उभा जन्म कसाऱ्याला रुळांच्या कामावर होता आणि तिथून एकच गोष्ट शिकून आला: नाव चुकलं की गाडी चुकते. त्यामुळं ज्याला नाव नाही किंवा ज्याचं नाव चुकीचं आहे, अशी वस्तू त्यांना दाढेत अडकलेल्या तुसासारखी टोचते. घरातल्या प्रत्येक शेळीला नाव. शेळी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला आधी तिचं नाव सांगतात आणि त्याच्याकडून वदवून घेतात. एकदा एक खाटीक म्हणाला, "काका, मला हिला काय हाका मारायच्या नायत." त्यावर दावं हातातनं काढून घेऊन व्याही शेळीसकट घरी परत. ती शेळी शेवटी म्हातारी होऊन मेली.

रिटायर झाल्यावर त्यांनी घरात एक कॉम्प्युटर आणला. त्याला ते पेटी म्हणतात. आपल्या भागातल्या लग्नांत, हळदींत, भजनांत जेवढं गाणं म्हणून झालं, त्याच्या जुन्या कॅसेटी शहापूर-मुरबाडच्या स्पीकरवाल्यांकडं फिरून गोळा केल्या आणि सगळं गाणं त्या पेटीत भरलं. आता सोयऱ्याधायऱ्यांत कोणीही फोनवर ते ऐकू शकतं. मी विचारलं, "एवढी उठाठेव कशाला? फोनवर फुकट गाणी मिळतात की." तर म्हणाले, "व्याही, आपला भात दुसऱ्याच्या कोठारात ठेवला तर खाताना त्याला इचारायला लागतं. आपली गाणी आपल्या घरात." पेटी तापते म्हणून घरातला एकुलता पंखा तिच्याकडं तोंड करून. विहीणबाई पदरानं वारा घेत मला म्हणाल्या, "बघा, सवत आनली आन तिला वाराबी घालतात."

पेटी प्रत्येक गाण्याला गाणारा कोण ते विचारते. नाही सांगितलं तर स्वतःच 'अनोळखी' असं लिहून टाकते. व्याह्यांना हे सोसवेना. आपल्या मांडवात गाणारी बाई अनोळखी कशी? मग कॅसेटीवर जे नाव होतं ते त्यांनी गाणाऱ्याच्या जागी भरलं. आता आमच्याकडं स्पीकरवाला कॅसेटीवर नाव कोणाचं घालणार? पैसे देणाऱ्याचं, म्हणजे नवरदेवाचं. 'काळूरामची हळद', 'जयरामचं लगीन'. झालं! तालुक्यातले सगळे नवरदेव गायक झाले. ज्या काळूरामनं हळदीत फक्त शिंकायला तोंड उघडलं होतं, तो बायकांच्या आवाजात धवळे गाऊ लागला. व्याह्यांना चूक कळली तेव्हा ते काळूरामचं नाव काढायला त्याची परवानगी मागायला गेले. न विचारता कोणाचं नाव ते पुसत नाहीत. काळूराम म्हणाला, "राहू द्या ना काका. नातू मला मानायला लागलेत."

खरं गाणं होतं धवळारणींचं. धवळारीण म्हणजे आमच्याकडं लग्नात विधीच्या गाण्यांनी देवाला, सूर्याला, मांडवाला बोलावणारी बाई. एक पुढं म्हणते, दुसरी मागून झेलते. माझी बायकोही धवळारीण होती. चांगली होती असं मी म्हणणार नाही, नवऱ्यानं म्हणायचं नसतं, पण वैशाखऱ्यापासून खाली मुरबाडपर्यंत तिला बोलावल्याशिवाय हळद लागत नव्हती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. एक दिवस व्याह्यांच्या घरी माझी लेक भाकरी थापता थापता थांबली. पेटीतनं कुठल्याशा जयरामचं गाणं चाललं होतं. "ही माझी आय," ती म्हणाली.

मी धावत गेलो. ऐकलं. तीच होती. मग कळलं की ती जयरामच्या नावावर आहे, काळूरामच्या नावावर आहे, आणखी कोणाकोणा नवरदेवाच्या नावावर वाटली गेली आहे. म्हटलं, "व्याही, आत्ताच्या आत्ता हिचं नाव घाला." तर हा माणूस म्हणतो, "दोन बायकांनी सांगितल्याबिगर मी नाव बदलीत नाय. सूनबाई एक झाली. अजून एक पायजे."

"आन मी कोण?" मी ओरडलो. "मी नवरा हाय तिचा!"

"तुमी मांडवात कुठं बसायचात?"

"बापयांत. भायेर."

"मग गाणारी तुमाला कवा दिसली? बायकांत बसलेली बाईच पायजे."

तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. दोन दिवस मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. पण तिच्याबरोबर गाणारी एकच बाई आता उरली होती, वैशाखऱ्याला, माझ्या बायकोच्या माहेरी. तीही थकलेली. ती गेली तर माझी बायको कायमची जयरामच राहणार होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुरबाडहून एस्टीत बसलो.

म्हातारी ओटीवर वाल सोलत बसली होती. व्याह्यांनी फोन तिच्या कानाशी धरला. तिनं डोळे मिटले, आणि बघतो तर तिचे ओठ बरोबर जागेवर हलू लागले. "ही हौसा," ती म्हणाली. "मागून झेलते ती मी."

"नक्की ना, आजी?"

"माजा आवाज मला कळत नाय व्हय रे?"

"मग हौसा लिवतो," व्याही म्हणाले.

"अजिबात नाय," मी म्हटलं. "शालिनी लिवा. लग्नात ताटातल्या तांदळांत मी सोताच्या हातानं रेघा मारून नाव ठेवलंय. पुढं माझं नाव, मग आडनाव."

म्हातारीनं वाल खाली ठेवले. "दाजी, त्या नावानं तिला हाक कोन मारायचं?"

"सगळीच."

"सगळी म्हंजे कोन? सासू?"

"आय सूनबाई म्हणायची."

"पोरं आय म्हणायची. आन तुमी?"

आमच्यात बापया बायकोला नावानं हाक मारत नाही. मी आयुष्यभर तिला 'अगो' म्हणत आलो. तेच सांगितलं.

"मंग ते नाव तांदळातच ऱ्हायलं," म्हातारी म्हणाली. रागानं नाही, आपलं सहज. "मी मांडवातनं हौसे म्हटलं का ती हातातलं टाकून यायची."

मी व्याह्यांकडं पाहिलं. वाटलं, आता हा नियम सांगणार आणि मी भांडणार. पण ते फोन खिशात घालून म्हणाले, "व्याही, तुमी सांगाल ते लिवतो. तुमचं माणूस." भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मी हरत नाही.

परतीच्या एस्टीत व्याही फोनवर बोट चालवत बसले. मुरबाडच्या स्टँडवर चहा आला तेव्हा म्हटलं, "हौसा लिवा. संगट त्या म्हातारीचंबी घाला, नायतर वरून माझी बायको मला बोलंल."

"म्हातारीचं मी एस्टीतच लिवलं," ते म्हणाले. "तुमचंच थांबलं होतं."

त्यांच्या घरी पोचलो. पंख्यासमोर बसून त्यांनी एकेका नवरदेवाला फोनवर विचारून बाजूला केलं आणि सगळी गाणी एका नावाखाली आणली. मग फोन माझ्या हातात दिला. मला फोनवर लिहायला येत नाही हे त्यांना ठाऊक. "ह्या माइकवर बोट ठेवा आन नाव बोला. सापडंल."

"तुमीच बोला."

"ऐकायचंय कोणाला?" ते म्हणाले आणि शेळ्यांना पाणी दाखवायला बाहेर गेले. शेळ्यांना पाणी विहीणबाईंनी माझ्यादेखत दाखवलं होतं. गाढव माणूस. जाताना दारही ओढून घेतलं.

फोन तोंडाजवळ धरला. एवढं वय झालं, तिला नावानं हाक कधी मारली नव्हती. मग भिंतीकडं तोंड केलं आणि हळूच म्हटलं, "हौसा."

आधी स्पीकरची खरखर आली. मांडवातलं कोणी पोर रडलं. मग ती गायला लागली.