राखेच्या बुधवारच्या आधी

अ‍ॅग्नेसबाय गेली, हे सांगायला तिची भाची आली तेव्हा मी वाडीत केळीची पानं कापत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता... आता आमच्या पास्कूला कोण विचारणार? पास्कू माझा धाकटा भाऊ, घर अंगणापलीकडेच. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून दारूचा थेंब घेणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं. त्याची बायको रिटा खूश होती. मला मात्र धडकी भरली होती, आणि त्याचं कारण अ‍ॅग्नेसबायच.

ती निवृत्त नर्स. दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये आम्हा बायकांना शिकवायची. दारू-गांजात अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं, आजार किती खोल गेलाय ते कसं ओळखायचं, पुढचे उपचार कसे ठरवायचे. मी तिथं चहा करायला जायचे. चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. एकदा तिनं हाक मारली, "मार्था, ते भांडं ठेव आणि खुर्ची घे. पिणाऱ्या बापाच्या घरात वाढलीस, इथं सगळ्यांत शिकलेली तूच." सगळ्या हसल्या. मीही.

त्या दिवशी तिनं आम्हाला सरावासाठी एक कल्पनेतला माणूस आणि भरायला छापील कागद दिला. सकाळपासून पिणारा, हात थरथरणारा, उपवासकाळात एका दिवसात सोडायला निघालेला. उपचाराच्या रकान्यात मी लिहिलं, 'उत्तम विचार. घरच्यांनी प्रार्थना करावी.' आमच्याकडचे पुरुष असेच तर सोडतात, आणि इस्टरला परत प्यायला बसतात. बायनं कागद वाचला. "प्रार्थना कर गं, पण मारलंस की बिचाऱ्याला!" मग हसू आवरून तिनं सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी थांबवलं तर आकडी येते, भ्रम होतो, जीवही जातो. आधी किती नि कधी पितो ते विचारायचं, मग डॉक्टर, औषध, आणि त्यांच्या देखरेखीखाली बंद. "शरीराला बुधवार कळत नाही, मार्था."

पास्कूशी बोलायला ती स्वतः येणार होती. छातीत दुखायला लागलं आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

तिला जाऊन तीन आठवडे झाले. बुधवार चार दिवसांवर आला, तेव्हा काल सकाळी तिचा तसलाच एक कोरा कागद घेऊन मीच पास्कूसमोर बसले.

"काय, पोलीसपाटील झालीस?" तो म्हणाला.

"दिवसातला पहिला घोट कधी घेतोस?"

"संध्याकाळी. दोन पेग."

अशा वेळी बाय बोलायची नाही. राग न धरता नुसती बसून राहायची. गप्प बसणं तेवढं मला येतं. बसले. पास्कूनं चहाचा कप उचलला, तो बशीवर वाजायला लागला...

"उठल्याबरोबर," तो हळूच म्हणाला. "चूळ भरायच्या आधी. नाहीतर हात स्थिर राहत नाहीत."

"कधी आकडी आली होती?"

उत्तर दारातून रिटानं दिलं. "मागच्या उपवासकाळात सोडली होती, तेव्हा विहिरीजवळ वाकडातिकडा होऊन पडला होता. आम्ही म्हटलं, ऊन लागलं."

डॉक्टर सांगेपर्यंत एकदम बंद करायचं नाही, असं मी म्हणाले तशी ती उसळली, "म्हणजे पी म्हणून सांगतेस त्याला?"

"जिवंत राहिला तर सोडेल ना!" इतक्या मोठ्यानं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

छापील मजकूर संपतो तिथं बायनं प्रत्येक कागदावर पेनानं एक ओळ वाढवलेली आहे. 'सोबत कोण जाणार? एकच नाव.' 'घरचे' असं लिहिलेलं तिला चालायचं नाही. घरचे म्हणजे कुणीच नाही, म्हणायची. तिच्या त्या किरट्या अक्षरापुढे मी माझं नाव लिहिलं. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं आहे. पास्कू 'हो' म्हणालेला नाही... पण आठ वाजता चपला घालून मी त्याच्या दारात उभी असेन.