हातभर जागा

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी घराशेजारच्या चिंचोळ्या बोळात नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा वास दरवळत होता, आणि मी तर तिथे अजून कुदळही लावली नव्हती.

केडगावच्या आमच्या घराची भिंत आणि शेजारच्या भागवतरावांचं तारेचं कुंपण यांच्यामधली ती जागा वर्षानुवर्षं अडगळ सोसत पडून होती. अर्धांगवायूतून सावरलेली माझी पत्नी सुमन वॉकर घेऊन चालू लागली, तेव्हा मागच्या अंगणातल्या उन्हापर्यंत तिला एकटीला जाता यावं म्हणून मी तिथे फरशीची वाट आखायला घेतली. कडेला गवती चहा, भिंतीलगत अबोली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर हलकंसं वळण. कागदावर ती फार देखणी दिसली. जमिनीवर मारलेल्या फक्कीच्या रेघांमधून सुमन पहिल्यांदा चालली, तेव्हा मात्र त्याच वळणावर वॉकर कुंपणाला अडला. ती वॉकर वळवून परत फिरली.

पुणतांब्याची शेती मुलाकडे सोपवून इथे राहायला आलेले भागवतराव मुळातच अबोल. मी दोरी ताणली त्या दिवसापासून ते कुंपणाशी रेंगाळत, पावलांनी काहीतरी मोजत आणि मी दिसताच दूर होत. आणि आता कुंपणाचा कोपऱ्यावरचा खांब उखडलेला, मातीचा ढीग आमच्या बाजूला. संशयाला आणखी काय हवं होतं? कपाटातलं खरेदीखत काढून मी तसाच बाहेर आलो.

"भागवतराव, खांब कुणाला विचारून हलवलात?" माझा आवाज मलाच परका वाटला.

हातातली पहार टेकवून ते सावकाश उभे राहिले. "इचारायचं कशाला, सर? माझ्याच बाजूला घेतोय." नवा खड्डा त्यांच्या मेथीच्या वाफ्यात होता, कोवळी ओळ उपटून हातभर आत घेतलेला. "वहिनींचं ते वॉकर अडकतंय न्हवं वळनाला?"

मी खरेदीखत पाठीमागे धरलं. ओशाळलो, पण मन निवळेना. "मग रीतसर कागद करून घेऊ," मी म्हणालो.

"कागद कशाला? वाट हाय ती, प्लॉट न्हाई."

फरशा बसल्या, अबोली रुजली, तरी कित्येक दिवस मी वाट पाहत राहिलो, की आज ना उद्या हा माणूस बदल्यात काहीतरी मागेल. त्यांनी काहीच मागितलं नाही.

एका सकाळी सुमन ते वळण एकटीने पार करून उन्हात पोचली. मेथी खुडणारे भागवतराव ती खुर्चीत बसेपर्यंत नुसते उभे राहिले आणि मग पुन्हा वाकले. खिडकीतून ते पाहताना मनात आलं, अडलेला वॉकर त्यांच्या घरातला असता, तर मी खांब हलवला असता? सुमनने हाक मारली. मी त्या वाटेने निघालो, आणि वळणावर भागवतरावांनी मान वर केली तेव्हा मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.