डॉक्टर आले की उभं राहायचं

आईचा गुडघा बदलून दोनच दिवस झाले होते. फरीदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसले होते. हातात वॉकर आणि सोबत माणूस असल्याशिवाय पाय खाली टेकायचा नाही, असं तिला शंभरदा बजावलेलं. तेवढ्यात राउंड आला. पुढे डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, आणि मागे त्याचा लवाजमा. आणि आई उठली की! एका हाताने सलाईनची नळी सावरत, टाके घातलेला पाय पलंगावरून खाली सोडत उभी राहायला निघाली. मी झडप घालून धरलं म्हणून बरं, नाहीतर आपटलीच असती.

डॉक्टर हसला. "लेटे रहिए माताजी. सिस्टर थीं ना आप?" मग मागच्या पोरांकडे वळून म्हणाला, "देखो यार, पुराने लोगों में क्या डिसिप्लिन था!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डिसिप्लिन म्हणे! डोंबलाचं डिसिप्लिन!

माझी आई विदर्भातून दिल्लीत आली ती नर्सिंग शिकायला. तेव्हा नर्स म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. परक्या पुरुषाला हात लावायचा, लोकांचं गू-मूत काढायचं, चांगल्या घरची मुलगी हे करते होय? ज्यांना विटाळ होत होता त्यांनी ते काम खुशाल आमच्यासारख्या जयभीमवाल्या घरांतल्या, नाहीतर दक्षिणेतून आलेल्या ख्रिस्ती पोरींवर ढकललं. वर त्याला 'सेवा' असं गोंडस नाव दिलं. सेवा म्हटलं की तक्रार करायची सोयच नाही. हॉस्टेलात आईला पहिला धडा मिळाला तो इंजेक्शनचा नव्हता. डॉक्टर वॉर्डात आले की हातातलं काम ठेवून उभं राहायचं, हा होता. पुढे सगळी नोकरी तिने तशीच काढली.

आता मीही नर्स आहे. चार वर्षांची डिग्री, वर स्पर्धा परीक्षा, छातीवरच्या पट्टीवर 'नर्सिंग ऑफिसर'. आमच्यात पीएचडी केलेल्या बायका आहेत. नर्सिंगचा इतिहास आम्हाला परीक्षेला होता, बरं का! हातात दिवा घेतलेली बाई, पहिली शाळा, पहिली कौन्सिल, सगळं पाठ केलं. या उभं राहण्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. गुडघ्यांबद्दल तर नाहीच नाही.

मी डॉक्टरला सुनावलंच. "ये डिसिप्लिन नहीं है, डॉक्टर साहब. खड़े-खड़े ही इनके घुटने गए हैं."

"अरे मैम, आप तो बुरा मान गईं," म्हणून त्याने फाइल चाळली आणि पुढच्या पलंगाकडे गेला. फाइल धरून उभी असलेली नर्स, जेमतेम बाविशीची पोर, खाली बघत त्याच्या मागे गेली.

ते गेल्यावर आई माझ्यावरच उखडली. "वेड लागलंय का तुला? माझा पाय त्याच्या हातात आहे. संध्याकाळी येईल तेव्हा माफी माग."

"माफी? अगं, पडली असतीस तू! परत ऑपरेशन करायची पाळी आली असती."

"काही पडत नव्हते मी. तुझ्या वेळेला नववा महिना लागला तरी उठत होते. कुणाला एकदाही बोलायची वेळ येऊ दिली नाही."

हे तिने मान ताठ करून सांगितलं. अभिमानाने! रडावं की ओरडावं, मला कळेना. इतके डॉक्टर त्या वॉर्डात येऊन गेले असतील. एवढं पोट घेऊन ही बाई उठतेय, हिला बस म्हणावं, असं त्यातल्या एकालाही वाटू नये?

संध्याकाळी तो परत आला. मी माफी मागितली नाही. पलंगाच्या कडेला बसले आणि आईचे दोन्ही खांदे घट्ट दाबून धरले. तो वाकून तिची जखम बघत होता, आणि माझ्या हातांखाली ती उठायला जोर लावत होती.