सुरेखा मंद नव्हती

सुरेखा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी जळगावच्या बाजारातून घरी परतत होते. छातीत दुखायला लागलं, धुळ्याला नेलं, दोन दिवस ऑक्सिजनवर होती. वय बत्तीस. आता दीड महिना झाला. ओळखीचे म्हणतात, सुटली बिचारी. मला ते मान्य नाही. ती बिचारी नव्हती, आणि सुटायचं तर तिच्या मनातही नव्हतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत मी तिला गणित शिकवलं. आईवडील दोघांकडून आलेला सिकलसेल तिला होता. हातपाय ठणकायला लागले की आठ-आठ दिवस गैरहजर. पण हजर असली तरी काल जमलेलं उदाहरण तिला आज जमत नसे, आणि ती विचार करेपर्यंत मी पुढच्या गणितावर गेलेली असे. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'आकलन मंद. अभ्यासाकडे लक्ष नाही.' आजार रक्ताचा, त्याचा डोक्याशी काय संबंध, असं मला वाटायचं. दहावीत ती नापास झाली आणि शाळा सुटली.

बारा वर्षांनी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात मेंदूच्या तपासणीचा रिपोर्ट. धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलेलं तिनं मला, सावकाश, दोनदा समजावलं. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, आणि आत झालेली इजा वरून दिसत नाही. शिवाय मेंदू आपल्यातला कचरा रोज धुऊन काढतो, झोपेत जास्त. या आजारात ती धुलाईही मंदावत असावी, असं आता संशोधकांना वाटतं.

"पक्कं अजून कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मॅडम, माझं लक्ष होतं. तुमचा शेरा चुकला."

मी माफी मागितली. तिला ती नको होती. तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं, आणि गणित मीच शिकवायचं, ही तिची अट होती.

परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून तिनं अर्ज केला. हातपाय तर धड आहेत, असं कारकुनानं तिला ऐकवलं. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, ती अर्जावर सही झाल्यावरच उठली. पहिल्या खेपेला गणित राहिलं. दुसऱ्या खेपेला सुटलं. मग ती आसपासच्या शाळांत जाऊ लागली. सिकलसेलचं मूल मागे पडलं तर शेरा मारण्याआधी तपासणीला पाठवा, असं शिक्षकांना तोंडावर सांगायची. मध्येच दवाखान्यात भरती व्हायची... बरी झाली की पुन्हा एसटीत.

दिवसकार्याला गेले तेव्हा तिच्या खोलीत डोकावले. लोखंडी कपाटाच्या दारावर आतून खडूनं लिहिलेलं होतं, त्या-त्या दिवशी जे विसरलं ते. एका हेडमास्तरांचं नाव. आठाचा पाढा. बसची वेळ. पुन्हा पाठ झालं की पुढे बरोबरची खूण. शेवटच्या दोन ओळींपुढे खूण नव्हती. आवरणाऱ्या शेजारणीनं ओलं फडकं उचललं, तशी सुरेखाची आई मध्ये येऊन उभी राहिली.

"पुसू नका," आई तिच्या अहिराणीत म्हणाली. "तिनी लिखेल शे."