मामांच्या कमरेत अंगठा

हाडांच्या प्रयोगशाळेत तिला सगळे अंगठाताई म्हणत. अठरा वर्षं ती तिथे शिपाई होती. हाडं धुवायची, वाळवायची, टेबलावर डोक्यापासून पायापर्यंत मांडायची. मांडता मांडता ती कटीच्या हाडाच्या खाचेत हळूच अंगठा घालून बघे. ऐसपैस हलला तर बाई, अडकला तर बाप्या. डॉक्टरमंडळी मोजपट्ट्या शोधेपर्यंत हिचा निकाल तयार!

आज मात्र निकाल तिचाच लागायचा होता. तंत्रज्ञाच्या जागेची तोंडी परीक्षा होती, आणि पुढच्या महिन्यात तिचं वय नियमाबाहेर जाणार होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. समोर बाहेरून आलेले परीक्षक, शेजारी तिचे विभागप्रमुख, आणि कोपऱ्यात टांगलेले मामा.

मामा म्हणजे विभागाचा जुना सांगाडा. डोक्यावर कुणा विद्यार्थ्याने चढवलेली टोपी. पुरुष कसा ओळखावा हे प्रमुखांनी वीस वर्षं मामांची कवटी दाखवूनच शिकवलेलं. ताई रोज सकाळी त्यांची धूळ झटकताना विचारी, "काय मामा, बरंय ना?"

"हा सांगाडा कुणाचा, पुरुषाचा की स्त्रीचा?" परीक्षकांनी विचारलं.

ताईला फिस्सकन हसू आलं. घरच्या माणसाची कसली ओळख पटवायची! पण सवयीने अंगठा खाचेत गेला, आणि आत मजेत डुलायला लागला.

तिने अंगठा काढून पुन्हा घातला, तरी तेच. इतक्या वर्षांत मामांना अंगठा लावलाच नव्हता. नातेवाइकाची का कुणी झडती घेतं? तिने कटीच्या हाडाच्या पुढच्या कमानीत अंगठा आणि तर्जनी ताणून धरली. कमान तेवढीच रुंद, म्हणजे बाईचीच. प्रमुख तिच्याकडे बघून गालात हसत होते. 'पुरुष' म्हटलं की जागा पदरात. तिला एकदम भीतीही वाटली आणि हसूही आवरेना.

"मामा बाई आहेत," ती म्हणाली.

प्रमुखांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. "अहो, भुवयांचं हाड बघा! जबडा बघा!"

"म्हातारपणी बायकांचंही कपाळ असं दणकट होतं, साहेब. माझ्या सासूबाईंना आणून उभं करू? आणि कवटी एक सांगते, कंबर दुसरं, तेव्हा कमरेचं ऐकायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"हाडं एकाच माणसाची कशावरून?" परीक्षकांनी विचारलं.

"मणक्यात मणका बसतो. रोज मीच पुसते ना!"

परीक्षकांनी अंगठा घातला. हलला. प्रमुखांनी घातला. त्यांचाही हलला. मग परीक्षक जे हसत सुटले, ते चष्मा पडेपर्यंत. प्रमुख आधी नाइलाजाने हसले, मग पोट धरून. त्यांनी विभागाची नोंदवही उघडली, 'पुरुष' खोडलं आणि पेन ताईपुढे धरलं.

"लिहा, तंत्रज्ञबाई."

ताईने अगदी ठसठशीत अक्षरात 'स्त्री' लिहिलं. मग ती कोपऱ्यात गेली आणि सांगाड्याच्या डोक्यावरची टोपी काढली.

"अठरा वर्षं रोज विचारतेय, बरंय ना," डोळे पुसत ती म्हणाली, "मामी, बाईमाणसाला तरी सांगायचंत!"