सेव्हिलचा दिवस मावळेना

सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा नियम मी लग्नानंतर मुनिमहाराजांसमोर घेतला. सांगलीत तो पाळण्यात काही मोठेपणा नाही. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत निम्म्या जैन घरांत दिवेलागणीआधी भांडी घासून पालथी पडलेली असतात. पण लेकीने आम्हा दोघांना स्पेनच्या सहलीला पाठवायचं ठरवलं आणि मला नियमाची काळजी लागली. तिकडची माणसं म्हणे रात्री नऊच्या आत जेवायलाच बसत नाहीत. एवढ्या वर्षांचं पुण्य परक्या मुलखात पाण्यात जाणार, असं मी निघेपर्यंत घोकत होते.

माद्रिदला विमानातून उतरून आगगाडीने दुपारी सेव्हिलला पोचलो. हॉटेलची खोली गार आणि अंधारी होती. मी मधुमेहाची गोळी घेतली, अंघोळ करून जेवू म्हटलं आणि जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा अंग घामाने भिजलेलं आणि हात थरथरत होते. यजमान बटणं दाबत होते, पण दिवा एकही लागेना. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय तिथे दिवे लागत नाहीत, हे मागाहून कळलं. ते कार्ड हरवू नये म्हणून यजमानांनी बंडीच्या खिशात पिन लावून ठेवलं होतं. दार आपोआप बंद होतं या धास्तीने त्यांनी फटीत चप्पल अडकवली होती, तेवढाच काय तो उजेड. घड्याळ त्यांनी विमानतळावरच तिथल्या वेळेला लावलेलं, त्यात नऊ वाजले होते. पडदा सारला तर काचेबाहेर मिट्ट काळोख.

त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढला. "खा."

"आवं, रात झाली. मी न्हाई खायची."

"साखर उतरलीया तुजी. हितं पडलीस तर मी कुणाला हाक मारू? यांची भाषा तरी येतीया का मला?"

"नियम हाय माजा."

"नियम तुजा हाय, पर बायकू माजी हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला.

तो आवाज ऐकून मी भ्याले. स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. मनात णमोकार म्हटला आणि सांगून टाकलं, महाराज, नियम तुमचा तुम्ही परत घ्या, मला या माणसाला इथे एकटं टाकायचं नाही. गूळ ओठांशी नेला.

तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या खोलीतल्या एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. आमचं बोलणं सांगलीच्या आवाजात चाललं होतं, त्यामुळे झोपमोड झाली असणार. अंधारात बसलेल्या आम्हा दोघांना पाहून त्या त्यांच्या भाषेत बरंच रागावल्या, तरातरा खिडकीशी गेल्या आणि भिंतीला लोंबणारा एक पट्टा खसकन ओढला. काचेबाहेरची झडप खडखडत वर गेली आणि खोलीभर ऊन पसरलं. आपल्याकडे उन्हाळ्यात सहाला असतं तसं, चांगलं पिवळंधमक. मी गूळ तोंडात टाकला आणि रडले. मग तिघांनी मिळून मी घरून आणलेलं बिनलसणाचं भडंग खाल्लं. तिखटाने बाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी पुन्हा मागून घेतलं. यजमान सूर्यावर नजर ठेवून खिडकीत उभे होते आणि सारखे म्हणत होते, "अजून लय हाय. खा सावकाश."

आमचे भगवान वीतराग, ते कुणाच्या मदतीला धावत नाहीत, असं स्वाध्यायात शिकवतात. मला ते पटतं. उन्हाळ्यात तिकडे दिवस उशिरा मावळतो, असं लेकही फोनवर हसत म्हणाली. तेही खरंच असणार. इतकी वर्षं मला वाटत होतं, नियम मी घट्ट धरून ठेवलाय. त्या काळोखात मी हात सोडला, तरी तो पडला नाही. तो कुणी झेलला, हे मी आता विचारत नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी भगवंतांना नमस्कार करते, आणि मग त्या बाईंनाही एक करते. तेव्हा यजमान खांद्याला धरून मला मावळतीकडे वळवतात आणि म्हणतात, "तकडं न्हवं, स्पेन हिकडं हाय."