बायकोच्या मनगटावरचं घड्याळ

"झोप लागली का गं?" सकाळच्या चहाला मी बायकोला विचारलं.

"थांबा हं, बघते," असं म्हणून तिने मनगट डोळ्यांसमोर धरलं. नुकतंच सेलमध्ये स्वस्तात घेतलेलं स्मार्टवॉच तिथे बांधलेलं होतं. "बरी लागली म्हणतंय."

स्वतःच्या झोपेची बातमी तिला परक्याकडून कळावी, याचं मला हसू आलं आणि पाठोपाठ जळजळही झाली. रात्री कोणत्या काळजीने कूस बदलली, हे ती पूर्वी मला सांगायची. मी पेपरामागून हुंकार द्यायचो. घड्याळ तेवढंही करत नाही, तरी तिचा त्याच्यावर विश्वास आहे. ती गॅलरीतले कपडे काढून आली तरी ते पडद्यावर फटाके उडवून तिचं अभिनंदन करतं. इतकं कौतुक मला लग्नाच्या नव्या दिवसांतही जमलं नव्हतं. माणसाला आपलं दुखणंखुपणं ऐकणारं कुणीतरी लागतं. पण मोजणारं मिळालं, की ऐकणाऱ्याची नोकरी जाते असं दिसतं.

संध्याकाळी टेकडी चढून आम्ही बाकावर टेकलो. बराच वेळ खालचे दिवे लागताना बघत होतो. मग मी तिचा हात हातात घेतला. अर्थातच, घड्याळ नसलेला.

"अहो, ठोके वाढलेत म्हणतंय हे," ती म्हणाली.

"चढामुळे असेल."

"चढ संपून किती वेळ झाला!" ती हसली आणि तिने हात तसाच राहू दिला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ही गोष्ट त्या यंत्राला माझ्याआधी कळली, याचा राग काही अजून गेलेला नाही.